नातेवाइकांनी बाहेर थांबावं

आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला आधी अंगाचं विचारायचं, मग मनाचं, मग माणसांचं. झोप लागते का, पोट साफ होतं का, कुठली गोळी चालू आहे, हे अंगाचं. भीती वाटते का, आवाज येतात का, हे मनाचं. घरात कोण असतं, जेवायला कोण वाढतं, भांडण झालं की आधी कोण बोलतं, हे माणसांचं. या मुलाखतीला कागदावर भलंमोठं नाव आहे. ते घेताना शिकाऊ मुलांची बोबडी वळते, म्हणून सगळे नुसतं 'मोठी' म्हणतात. "बाई, आज लागोपाठ मोठ्या आहेत हं," असं मावशी दारातून सांगतात आणि माझं डोकं तिथूनच ठणकायला लागतं.

मावशी म्हणजे आमच्या दाराशी बसून नंबर पुकारणाऱ्या. मी इथल्या मनोविकार विभागातली समाजसेविका. डॉक्टर औषध देतात, मी प्रश्न विचारते. या कामात केस पिकले माझे. तरीही त्या दिवशी मी भलत्याच माणसाची मोठी घ्यायला बसले. जिचा जीव जायची वेळ आली होती ती बाई माझ्यासमोर बसली होती, आणि मी तिला नातेवाईक समजून फाडफाड बोलत होते.

दोघं आत आली. पुढे ती, मागे कपड्यांची फुगलेली पिशवी घेतलेला पुरुष. ती साठीच्या जरा अलीकडची, केस घट्ट बांधलेले, चष्मा लख्ख पुसलेला. तो पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, शर्टाचं गळ्यापाशीचं बटणसुद्धा लावलेला.

"बस, सोन्या," ती त्याला म्हणाली.

मला हसू आलं. ते मी खोकल्यात घातलं.

"हा माझा धाकटा भाऊ," ती म्हणाली. "इथलाच जुना पेशंट. याला ठेवून घ्या."

"किती दिवस?"

"कायमचं."

झालं! हा शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. एक तर कायमचं ठेवून घ्यायला आम्ही काही धर्मशाळा नाही. चार-सहा आठवडे वॉर्डात ठेवतो, फार तर पुढे एखाद्या निवाऱ्याच्या जागेसाठी शिफारस करतो. आणि ज्यांना कायमचं ठेवायचं असतं त्यातले निम्मे जण नंतर फोनसुद्धा उचलत नाहीत, हे मी भरपूर पाहिलंय. तरी पद्धत म्हणजे पद्धत. आधी नातेवाइकाकडून थोडक्यात ऐकायचं, मग त्याला बाहेर बसवायचं आणि पेशंटशी एकट्याशी बोलायचं. बाहेर बसवावंच लागतं. नाहीतर मी पेशंटला विचारते, "भूक लागते का?" आणि नातेवाईक म्हणतो, "छे हो, खातच नाही काही!" अरे बाबा, पोट कोणाचं?

तिनं सांगितलं ते मुद्द्याचं होतं. आईवडील कधीच गेले. घरात ही दोघंच. सोन्याला विशीत आजार झाला, कानात आवाज यायचे, शेजारी पाण्याच्या टाकीत विष घालतात असं वाटायचं. औषधं सुरू झाली, हळूहळू बसला आजार. गेली बरीच वर्षं तो सकाळचा एका बल्बच्या गोदामात खोकी रचायला जातो. ती चष्म्याच्या दुकानात होती. ते दुकान मालकानं मागच्या वर्षी बंद केलं, तेव्हापासून ती घरी.

"घरी बसले तशी मी याला कामं शिकवायला घेतली," ती म्हणाली. "भात, भाजी, चहा. कपडे धुणं. गॅस कसा बंद करायचा, बँकेत कोणाला भेटायचं. सुरुवातीला छान जमायचं. भात तर माझ्यापेक्षा मोकळा करायचा."

मला बरंच वाटलं ते ऐकून. आम्ही नातेवाइकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, पेशंटला आयतं देऊ नका, कामाला लावा, शिकवा. ऐकतं कोण! शंभरात एखादा मनावर घेतो. इथे एक बाई आपण होऊन शिकवत होती. मनातल्या मनात मी तिला पैकीच्या पैकी मार्क देऊन टाकले.

"मग बिघडलं कुठे?"

"मग मागे मागे जायला लागला. दूध उतू घालवतो. भाजीत मीठ दोनदा. पांढऱ्या चादरींत लाल टॉवेल टाकून सगळं गुलाबी केलं. दार सताड उघडं टाकून कामावर जातो. जे आलं होतं तेही विसरला. हा एकटा राहू शकणार नाही आता."

"एकटा कशाला राहील? तुम्ही आहात की."

"कोणी कायमचं असतं का?" ती म्हणाली. दुकान किती वाजता बंद होतं ते सांगावं तशी म्हणाली.

त्या वयाच्या सगळ्याच बहिणी आणि सगळ्याच आया हे म्हणतात. मी मान डोलावली आणि मनात दुसराच हिशोब मांडला. जमत असलेलं काम जमेनासं होतं म्हणजे थायरॉइड बघायला हवं, रक्त बघायला हवं, गोळीचा डोस बघायला हवा. विसराळूपणाची सुरुवात असेल तर ते वेगळंच प्रकरण. सोन्या खाली मान घालून पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होता.

"आजच होईल ना भरती?" तिनं विचारलं.

"एवढी घाई कसली?"

"कामं आहेत."

इथे माझा तोल गेला. "अहो, भाऊ आहे की माळ्यावरचं कपाट? टेम्पो आला, दिलं उचलून! कामं काय आम्हाला नाहीत?"

दुसरी कोणी असती तर माझी पिसं काढली असती. चूक माझीच होती, पेशंटसमोर असं बोलू नये. पण ती नुसती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." रडली नाही, चिडली नाही. मग विचारलं, "आता माझं इथे काही काम नाही ना?"

"नाही. बाहेर बसा."

तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, आधीच सरळ होती ती. आणि गेली. मी दार लावलं.

"हं," मी सोन्याला म्हटलं. "झोप लागते?"

"लागते."

"भूक?"

"लागते."

"आवाज?"

"कधीतरी. शेजारच्या घरात रेडिओ लावल्यासारखे. मला काही म्हणत नाहीत. चालू असतात आपले."

उत्तरं सुटसुटीत. डोळ्यांत डोळे घालून बोलत होता. आजची तारीख, वार, कुठल्या मजल्यावर आलोय, सगळं बरोबर. मग मी घरच्या कामांवर आले.

"चहा कसा करता?"

तो एकदम सावरून बसला. "आधी कप गॅसवर ठेवायचा."

"रिकामा?"

"रिकामा. मग साखर जाळायची."

"आणि भात?"

"तांदूळ टाकायचे. पाणी शेवटी घालायचं. भात झाल्यावर."

"दूध कधी बंद करायचं?"

"सगळं सांडलं की," तो म्हणाला, आणि नीट ऐकलं ना मी, याची खात्री करायला माझ्याकडे पाहिलं.

मी पेन खाली ठेवलं. विसरायला लागलेली माणसं मी खूप बघितलीत. त्यांना चुकणं कळतं, आणि ती चूक झाकायला बघतात. विषय बदलतात, हसतात, "अहो, ते तर बायको करते" म्हणतात, चिडतातसुद्धा. चुका झाकायच्या असतात, मिरवायच्या नसतात. हा गडी मिरवत होता.

"गोदामात खोकी कशी रचता?" मी सहज विचारलं.

"जड खाली. बाण वर. ट्यूबलाइट आडव्या नाही, उभ्या. काचेचे मोठे गोळे असतात ते खिडकीच्या बाजूला नाही ठेवायचे, गाडी मागे घेताना ड्रायव्हर तिथेच धडकतो. आणि जुना माल पुढे घ्यायचा, नाहीतर..." तो थांबला. आपण घसरलो हे त्याच्या लक्षात आलं.

"अहो सोन्याशेठ," मी म्हटलं, "मला वेड्यात काढताय होय?"

आमच्या विभागात हे बोलायचं नसतं. पण गेलं तोंडातून.

त्यानं दाराकडे पाहिलं. "ताई ऐकतेय?"

"दार बंद आहे."

"मला सगळं येतं," तो म्हणाला. "भात येतो. चहा येतो. भाजी तर येतेच. चादरी मी मुद्दाम गुलाबी केल्या."

"का पण?"

"मला सगळं आलं की ती जाणार."

"कुठे जाणार?"

"मरणार," तो म्हणाला.

अशा वेळी गप्प बसणं हेही आमच्या कामात येतं, आणि मला ते सगळ्यात कमी जमतं.

"तिनं सांगितलं तुम्हाला तसं?"

"मला कशी सांगेल? मला ती आधी चाकूसुद्धा हातात देत नव्हती." तो आता भरभर बोलायला लागला. "भात जमला त्या दिवशी तिनं तिची चांगली शाल वरच्या मजल्यावरच्या काकूंना देऊन टाकली. मला वाटलं, दिली असेल. कपडे जमले तर शिवणाचं मशीन देऊन टाकलं. बँकेत एकटा जाऊन आलो, तर आईबाबांचे फोटो माझ्या कपाटात आणून ठेवले. मला एकेक जमत होतं आणि घरातून तिचं एकेक जात होतं. मग मी दूध जाळलं. तर थांबली. म्हणाली, परत शिकवते."

"म्हणून रोज काहीतरी बिघडवायचं."

"रोज नाही. रोज केलं तर कळेल. दिवसाआड," तो म्हणाला. "पण शेवटी म्हणाली, तुला नाही जमणार सोन्या, तुला मी चांगल्या ठिकाणी ठेवते. मग माझी पंचाईत झाली. आता आणखी काय बिघडवू?"

"तुमचा गैरसमज असेल."

"ती ओरडत नाही हो!" त्याचा आवाज चढला. "तुम्हाला माहीत नाही आमची ताई. चप्पल वाकडी काढली तरी अख्ख्या बिल्डिंगला ऐकू जायचं. मी नवं कोरं पातेलं जाळून काळं केलं, तर म्हणाली, असू दे. ताई! असू दे म्हणाली!" त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मलाही एकदा तसं झालं होतं. आजारात. मी पण सगळं आवरलं होतं आणि सगळ्यांशी गोड बोलत होतो. तेव्हा तिनंच ओळखलं. आता मी ओळखलं तर काय चुकलं?"

आता सांगा, विश्वास ठेवायचा की नाही? एकेकाळी या माणसाला टाकीत विष दिसत होतं. आज याला बहिणीचं मरण दिसतंय. माझ्या जागी कोणीही आधी डॉक्टरांना हाक मारून डोस वाढवायला सांगितलं असतं. मीही क्षणभर तोच विचार केला. पण टाकीतलं विष त्याच्यासाठी होतं. त्या आजारात सगळं जग त्याच्यावर उठलेलं होतं. आताच्या बोलण्यात तो स्वतः कुठे होता? सगळी ताईच ताई. आणि मग मला ते "कामं आहेत" आठवलं. ते "बरोबर आहे तुमचं" आठवलं. आणि मी तिला सांगितलं होतं, तुमचं इथे काही काम नाही.

मी दार उघडलं. बाकावर दुसरीच माणसं.

"मावशी, त्या बाई कुठे?"

"त्या होय? गेल्या की. पिशवी ठेवून गेल्या, भावाला द्या म्हणाल्या. चांगल्या होत्या बिचाऱ्या. माझ्या पाया पडायला आल्या, मी पडू दिलं नाही."

पिशवी मावशींच्या स्टुलाखाली होती. वर घड्या केलेला स्वेटर आणि स्वेटरवर किल्ली. सोन्या माझ्या मागून आला होता. "घराची आहे," तो म्हणाला. "एकच आहे आम्हाला."

"यांना इथेच बसवा, हलू देऊ नका," असं मावशींना ओरडून सांगितलं आणि पळाले. माझं वय आणि माझा गुडघा बघता त्याला पळणं म्हणावं का हा प्रश्न आहे, पण जिन्यावरची माणसं बाजूला झाली. खाली औषधांच्या रांगेत नाही. चौकशीच्या खिडकीपाशी नाही. "ओ ताई!" म्हणून मी ओरडले तर पाच-सहा बायका वळल्या, त्यात ती नव्हती. ती फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी होती. समोरून ट्रक, बस, टेम्पो सुसाट जात होते आणि ती वाहनांकडे बघत होती.

मी जाऊन तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे आवळलंच. तिचं घड्याळ सैल होऊन पार वर सरकलेलं होतं, हाताचं नुसतं हाड लागलं.

"तुमची मुलाखत राहिलीय," मी धापा टाकत म्हटलं.

"माझी? मी तर नातेवाईक."

"नातेवाइकाचीही असते. त्याशिवाय भरती होत नाही. नियम आहे."

असा काही नियम नाही. मी तो तिथल्या तिथे केला. आयुष्यभर नियम पाळलेली बाई ती, नियम म्हटल्यावर मुकाट्यानं परत फिरली. जिना चढताना मी तिचं मनगट सोडलं नाही आणि तिनं सोडवून घेतलं नाही.

तिला आत बसवलं, सोन्या बाहेर. पाणी दिलं. मीही प्यायले, कारण छाती धडधडत होती. मग पहिल्यापासून सुरू केलं, अंगाचं.

"झोप?"

"लागते. पहाटे मोडते. मग नाही लागत."

"जेवण?"

"त्याच्याबरोबर बसते."

"बसता हो. जेवता का?"

"चव नाही येत."

"वजन?"

"कपडे सैल झालेत. होतं या वयात."

वय, वय! या वयाच्या नावावर काय काय खपवतात लोक. मी पुढे विचारलं नाही. इकडचं तिकडचं करत पोचायला माझ्याकडे वेळ नव्हता आणि धीरही नव्हता.

"मी सरळ विचारते," मी म्हटलं. "मरायचं ठरवलंय का तुम्ही?"

शिकाऊ मुलं हा प्रश्न विचारायला घाबरतात. त्यांना वाटतं, आपण विचारलं तर नसलेलं डोक्यात भरवून देऊ. तसं होत नाही. ज्याच्या डोक्यात ते असतं त्याला, कोणीतरी विचारलं एकदाचं, असं होतं. तिचं तसंच झालं. तिनं चष्मा काढला, पदराला नाही, कमरेला खोचलेल्या खास फडक्याला पुसला. दुकानातली सवय.

"हो," ती म्हणाली.

"कधी?"

"आज."

कसं, तेही मी विचारलं आणि तिनं सांगितलं. ते इथे सांगायची गरज नाही. नीट ठरवलेलं होतं, एवढं पुरे.

"असं काय झालं?"

"काहीच नाही झालं," ती म्हणाली. "लोकांना वाटतं काहीतरी व्हायला लागतं. दुकान होतं तोवर सकाळी उठायचे. बंद झालं तशी उठायचं कशाला, असं व्हायला लागलं. मग अंग जड. मग काही बघावंसं वाटेना, बोलावंसं वाटेना. फक्त याचं करायचं राहिलं होतं. म्हटलं, एवढं मार्गी लावू आणि उठू. काम संपलं की माणूस उठतोच ना?"

"तो काम आहे तुमचं?"

"मग काय आहे?" तिनं खरंच विचारलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. या कामात ते येऊ द्यायचं नसतं म्हणतात. म्हणोत बापडे. मी नाक पुसलं आणि डॉक्टरांना बोलावलं. आमचे डॉक्टर तरुण आहेत, पण शहाणे आहेत, आल्या आल्या उपदेश सुरू करत नाहीत. त्यांनी तिला समजावलं, हा आजार आहे, याला उपचार आहेत, रक्तही तपासू, आज मात्र तुम्हाला घरी जाता येणार नाही. स्त्रियांच्या वॉर्डात जागा आहे.

"मी नाही राहू शकत," ती म्हणाली. "सोन्याला कोण बघेल? त्याला साधं दूध तापवता येत नाही. तुम्ही मला सोडा, मी त्याच्यासाठी राहीन. वचन देते."

असलं वचन घेऊन मी कोणाला घरी पाठवत नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी बाहेर गेले. सोन्या पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. मी त्याच्याशेजारी बसले आणि काय झालंय ते सांगितलं.

"तुम्हाला आता खरं सांगावं लागेल," मी म्हटलं. "तुम्हाला सगळं येतं ते."

"सांगितलं तर ती जाईल. काहीच राहणार नाही तिला अडवायला."

"नाही सांगितलं तर ती वॉर्डात राहणार नाही. घरी जाईल, तुम्हाला परत शिकवेल, आणि एक दिवस तुम्ही कामावर गेलात की..."

"कळलं," तो म्हणाला. "कळलं, कळलं."

तो उठेना. एवढे दिवस त्यानं एकट्यानं ही एक दोरी ओढून धरली होती आणि मी त्याला ती सोडायला सांगत होते. मला त्याची दया आली नाही. खरं सांगायचं तर भीती वाटली, की मी चुकत असले तर? मग तोच उठला. शर्टाचं गळ्यापाशीचं बटण काढलं आणि आत गेला.

"ताई," तो उभ्या उभ्याच म्हणाला, "मला सगळं येतं."

"काय येतं?"

"भात. दूध. चादरी. मी मुद्दाम करत होतो. तू जाऊ नयेस म्हणून."

ती बघतच राहिली. डॉक्टर काहीतरी बोलणार होते, मी त्यांना डोळ्यांनी दटावलं.

"दूध मुद्दाम?" ती म्हणाली.

"मुद्दाम."

"पातेलं?"

"तेही."

"मेल्या!" ती ताडकन उठली. "एवढं जाड बुडाचं पातेलं! घासून घासून माझी नखं गेली! आणि त्या चादरी? आईच्या चादरी होत्या त्या, गाढवा! मी वेडी झाले वेडी, याला काही मोठा आजार झाला म्हणून, आणि हा खुशाल..."

बाहेरून मावशींनी दार ढकलून आत डोकावलं, इतका आवाज चढला होता. सोन्या मार खाणाऱ्या पोरासारखा खांदे आवळून उभा होता, आणि तोंडभर हसत होता. मग त्याचं हसणं गेलं.

"मला सगळं येतं, ताई," तो परत म्हणाला. "मला तू स्वयंपाकाला नको आहेस. धुण्याला नको आहेस. कशालाच नको आहेस. नुसती हवी आहेस."

ती मटकन खाली बसली. एवढा वेळ कोरडी होती, आता रडायला लागली ती थांबेचना. सोन्यानं पिशवी उघडून आतला रुमाल दिला, मग दुसरा दिला, मग स्वेटरच दिला. ती त्यातून मधेच म्हणे, "आईच्या चादरी," आणि पुन्हा सुरू. मी रडू दिलं. नंतर तिनं स्वतःच डॉक्टरांना विचारलं, सही कुठे करायची. पिशवीतले कपडे सोन्याचे होते, त्यामुळे ती पहिल्या रात्री वॉर्डात भावाचा स्वेटर घालून झोपली.

ही गोष्ट इथे आनंदात संपवायला मला आवडलं असतं. पण औषध लागू पडायला वेळ लागतो आणि माणूस एका रडण्यानं बरा होत नाही. पहिले काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. रक्तात थायरॉइड खरंच बिघडलेला निघाला, तिचा, भावाचा नाही. थायरॉइडची गोळी सुरू झाली, मनाची गोळी सुरू झाली. सोन्या रोज गोदामातून परस्पर यायचा. जेवणाचा डबा आणायचा, तिच्याजवळ बसायचा आणि बल्बबद्दल बोलायचा. कुठला माल आला, कोणी खोकं पाडलं, ड्रायव्हरनं परत भिंतीला गाडी कशी लावली. वॉर्डातल्या बाकीच्या बायका वैतागल्या, मला सांगायला आल्या, बाई, याला आवरा. मी म्हटलं, कानात कापूस घाला.

मी रोज सकाळी तिच्या कॉटपाशी जाऊन तोच प्रश्न विचारायचे. सरळ, आडवळण न घेता. आज मरावंसं वाटलं का? ती कधी मान हलवायची, कधी हो म्हणायची, कधी गप्प राहायची. मी ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायचे.

परवा मला सकाळी मीटिंग होती, म्हणून दुपारी गेले. सोन्या नुकताच गेला होता. ती उशीला टेकून बसली होती, केस तिचे तिनं बांधले होते.

"आज वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं," ती म्हणाली. "सकाळपासून वाटत होतं. चांगलंच वाटत होतं."

"मग?"

"मग हा आला. ते गोदामातल्या मांजरीला पिल्लं झालीत, पाच, त्यातलं एक आंधळं आहे की झोपाळू आहे ते याला कळत नाहीये, ते सांगत बसला. मलाच म्हणे, तू चष्म्याच्या दुकानात होतीस, तूच सांग." तिनं चादर गुडघ्यांवर ओढून घेतली. "त्या नादात राहून गेलं."